दोन दिवस बारीक झालेली वाघीण

१

पहिला सापळा एका काठीवर मिटला, म्हणून बाईचा पाय वाचला.

जिवतीच्या डोंगरात मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका सुकत आलेल्या ओढ्यात उतरल्या होत्या. पुढे चालणारी सवयीने काठीने पाला उलटत होती. पळसाच्या पानांखालून लोखंडी जबडा खाडकन उसळला आणि काठीचे दोन तुकडे झाले. शोधाशोध केल्यावर थोड्याच अंतरावर दुसरा सापळा सापडला. तो रानडुकरासाठी लावतात तसला नव्हता. वाघाच्या पंजाच्या मापाचा होता.

सकाळी अकराच्या सुमारास उर्वशी रामटेके राजुऱ्याच्या ‘वनवेध’ संस्थेच्या कार्यालयात पोचली, तेव्हा ते दोन्ही सापळे गुणवंतराव वाढईंच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले होते. गुणवंतराव संस्थेचे संचालक. तीन दिवस नागपूरला होते, रात्रीच परतले होते. त्यांनी उर्वशीला बसायलाही सांगितलं नाही.

“तुम्हीच म्हणाला होतात ना, या खोल्यांमधून एक अक्षर बाहेर जाणार नाही?”

ती तसं म्हणाली होती, हे खरंच होतं.

वनवेध संस्था या डोंगरातल्या वाघांवर लक्ष ठेवायची. झाडांना बांधलेले कॅमेरे फोटो पाठवायचे आणि वाघ कुठून कुठे गेला याची नोंद इथे व्हायची. महिन्यापूर्वी भुरी नावाच्या वाघिणीने एका गुहेत पिल्लं घातली. गुहेची जागा तिघांनाच माहीत होती: गुणवंतरावांना, नकाशे करणाऱ्या कुलदीप गेडामला आणि गुहा शोधून काढणाऱ्या जंगू सिडामला. ती जागा फुटू नये म्हणूनच जुने कॉम्प्युटर काढून उर्वशीने चारही टेबलांवर थिन क्लायंट बसवले होते. म्हणजे पडद्यामागे पुस्तकाएवढा एक काळा डबा, बस्स. डब्यात काहीच साठत नाही. सगळं मागच्या कुलूपबंद खोलीतल्या सर्व्हरमध्ये राहतं. पेन ड्राइव्ह लागत नाही, इंटरनेट नाही, नकाशाची प्रत निघत नाही. मोबाइल दारातच जमा करायचे. प्रत्येकाला एक कार्ड दिलेलं. कोणत्याही डब्यात कार्ड घालून पिन टाकला की आपलं काम समोर उघडतं, काढलं की मिटतं.

“वाघीण?” उर्वशीने विचारलं.

“वाचली. सापळे गुहेच्या ओढ्यात नव्हतेच, शेजारच्या ओढ्यात होते.” गुणवंतराव उठून खिडकीशी गेले. “पण लावणाऱ्याला आता चूक कळली असेल. तो पुन्हा येणार. संध्याकाळी पोलिसांकडे जायचंय मला. त्याआधी नाव सांगा.”

उर्वशीने सर्व्हरवरचा लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याची नोंद, उघडला. गेल्या आठ दिवसांत गुहेचा नकाशा एकदाच उघडला गेला होता. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. कार्ड कुलदीपचं, आणि डबा क्रमांक तीन.

तीन नंबरचा डबा गस्तीच्या खोलीत होता. तिथे फक्त जंगू बसायचा.

२

“मी कशाला तिथं जाऊन उघडू, मॅडम?” कुलदीपचा चेहरा पांढरा पडला होता. “माझ्या टेबलावर मला तो रोजच उघडता येतो. मंगळवारी मी मागच्या पडवीत जेवत होतो. पुनमला विचारा.”

“आणि कार्ड?”

कुलदीपने मान खाली घातली. हात-तोंड धुताना भिजू नये म्हणून तो गळ्यातलं कार्ड काढून आतल्या पाण्याच्या कूलरच्या हँडलला अडकवायचा. सोमवारचा उपास सोडला तर रोज जेवण होईपर्यंत ते तिथेच लोंबकळत असायचं. आणि पिन म्हणजे त्याच्या मोटारसायकलचा नंबर. ती मोटारसायकल रोज दारातच उभी असायची.

उर्वशीने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. सगळी दारं लावून घ्यावीत आणि किल्ली बाहेर टांगून ठेवावी, त्यातला प्रकार.

पुनम देवगडे कार्यालयाची व्यवस्था बघायची. तिने कुलदीपचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं, पण पूर्ण नाही. “मी अर्ध्या जेवणातून उठली होती. पाण्याचे कॅन आले होते, ते उतरवून घ्यायले समोर गेली.”

“नकाशा कधी पाहिलास?”

“कुलदीपच्या मागून जाताना दिसते कधी कधी. गावाच्या वर ती लाल गोल टिकली काढली आहे ना, तेवढीच. मले त्यातलं काही समजत नाई.”

विनोद पिंपळशेंडे हिशेब बघायचा. चाळिशीचा, मितभाषी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. डबे बसवताना त्यानेच उर्वशीला दिवसभर मदत केली होती, केबल ओढल्या होत्या, बारीकसारीक विचारून घेतलं होतं. तो आज दाढी न करताच आला होता.

“मंगळवारी तं मी घरी जेवाले गेलतो, मॅडम. रोजच जातो.”

“नकाशा?”

“कुलदीपले बिल द्यायले गेलो तवा एकदा दिसला. गाव, रस्ता अन् वरच्या अंगाला अंड्यासारखा तो लाल घेर. मले काय करायचं त्याच्याशी?” तो क्षणभर थांबला. “एक सांगू? जंगूले उगाच त्रास नका देऊ. गरीब माणूस आहे. कोणी लालूच दाखवली असन त्याले.”

बोलणं कळवळ्याचं होतं, पण त्यात जंगूचा निकालही लागला होता.

जंगू गस्तीच्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. कोलाम आदिवासींच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, रापलेला माणूस. उर्वशी आत आली तसा तो उठून उभा राहिला.

“मंगळवारी दुपारी कुठं होतात, जंगूभाऊ?”

“इथीच. सकाळच्या गस्तीतून आलो, नोंद केली, अन् मागं निंबाखाली जाऊन झोपलो.”

“कोणी पाहिलं?”

“झोपलेल्या मानसाले कोन पाहाते, बाई?” त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “साहेब मले चोर म्हनून राह्यले. पन एक सांगा. गुहा मीच शोधली. मीच साहेबाले बोट धरून नेलं. मले नकाशा काऊन पायजे?”

उर्वशी निघता निघता दारातच थबकली.

“अन् ज्यानं सापळे लावले,” जंगू पुढे म्हणाला, “त्याले डोंगर मालूम आहे. पाला टाकाची रीत मालूम आहे. पन गुहा मालूम नाई. ओढा चुकला त्याचा. माहा चुकला असता का?”

३

जंगूचं म्हणणं बिनतोड होतं. नकाशा उघडणाऱ्याला जागा माहीत नव्हती, म्हणूनच त्याने तो उघडला. त्या हिशेबाने जंगू सुटत होता, कुलदीप सुटत होता, गुणवंतरावही सुटत होते.

पण गुणवंतरावांना ते पटेना. “लॉग खोटं बोलतो का?”

“नाही, सर.”

“मग डबा तीन म्हणजे गस्तीची खोली. तिथं जंगूशिवाय कुणी जात नाही. त्यानं दुसऱ्या कुणासाठी उघडला असेल. वाट चुकणारा तो दुसरा असेल.”

उर्वशीने चारही डबे तपासले. एक नंबरचा कुलदीपकडे, दोन नंबरचा पुनम आणि विनोदच्या खोलीत, तीन नंबरचा गस्तीच्या खोलीत, चार नंबरचा गुणवंतरावांच्या केबिनमध्ये. सगळे जागच्या जागी, पडद्यामागच्या पट्टीला छोट्या कुलपाने जखडलेले, क्रमांकाच्या चिठ्ठ्या शाबूत. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

ऊन कलायला लागलं होतं. बाहेर गुणवंतराव फोनवर पोलीस ठाण्यातल्या कुणाशी तरी बोलत होते. उर्वशी पुन्हा जंगूच्या खोलीत आली आणि त्याच्या जुन्या, चौकोनी पडद्यासमोर बसली. संस्थेत इतरत्र रुंद पडदे होते. हा एकच जुना शिल्लक राहिला होता. पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेली भुरी पाण्यावर वाकलेली होती. धष्टपुष्ट, खांदे भरलेले.

“चांगली दिसते हो,” ती सहज म्हणाली.

“आता दिसते.” जंगू जवळ आला. “मले तं घोर लागला होता. सोमवारी पाहाली तं बारीक. अशी लांबुडकी, पाय काड्यावानी. मंगळवारीबी तशीच. म्या कुलदीपभाऊले सांगतलं, भुरी खात नाई वाटते. तो हसला, म्हने पिल्लांले पाजते, होईनच बारीक. अन् काल सकाळी पाहातो तं भुरी पयल्यासारखी! एका रात्रीत वाघीन कशी मोठी होईन, बाई?”

“पिल्लंही बारीक दिसली होती?”

जंगूने आठवून पाहिलं. “हाव. पिल्लंबी. झाडंबी.”

उर्वशी खुर्चीतून उठली.

झाडंही बारीक झाली होती! ती जवळजवळ धावतच सर्व्हरच्या खोलीत गेली. आतापर्यंत तिने एकच प्रश्न विचारला होता, नकाशा कुठून उघडला. आता तिने दुसरा विचारला: सोमवारी आणि मंगळवारी जंगूचं स्वतःचं कार्ड कोणत्या डब्यात होतं?

उत्तर पडद्यावर आलं आणि ती बघतच राहिली. दोन्ही दिवस जंगूचं कार्ड चार नंबरच्या डब्यात होतं.

चार नंबरचा डबा गुणवंतरावांच्या केबिनमध्ये होता. आणि ते नागपूरला असताना केबिनला कुलूप होतं.

मागे सावली हलली. गुणवंतराव दारात उभे राहून तेच वाचत होते.

“माझ्या केबिनमध्ये?” त्यांचा आवाज चिरका झाला. “दोन दिवस हा माणूस माझ्या केबिनमध्ये बसला होता?”

४

“नाही, सर. जंगूभाऊ आपल्याच खोलीत होते. तुमचा डबा त्यांच्याकडे गेला होता. सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा. दाखवते.”

सगळे आले. कुलदीप टेबलाच्या कडेला, पुनम दाराजवळ, विनोद कपाटाला टेकून. जंगू उंबऱ्यातच थांबला. आत येऊ की नको, अशा बेताने.

उर्वशीने गस्तीच्या खोलीतला तीन नंबरचा डबा सोडवून आणला होता. गुणवंतरावांच्या टेबलाच्या खणातली किल्ली घेऊन तिने केबिनमधला चार नंबरचा डबा काढला आणि त्या जागी तीन नंबरचा जोडला. कुलदीपचं कार्ड घातलं.

“या डब्यांमध्ये काम साठत नाही, पण पडदा चौकोनी की रुंद, एवढी एक गोष्ट मी प्रत्येक डब्यात पक्की करून ठेवली आहे. माझ्या पासवर्डशिवाय ती बदलत नाही. हा डबा चौकोनी पडद्याचा आहे. इथला पडदा रुंद आहे. आता बघा.”

पडद्यावर भुरी आली आणि पुनमच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. वाघीण आडवी पसरली होती, म्हशीसारखी.

“आणि रुंद पडद्याचा डबा चौकोनी पडद्याला लावला, की तीच वाघीण काडीसारखी होते. जंगूभाऊंनी दोन दिवस तेच पाहिलं. म्हणजे सोमवारी सकाळपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत या दोन डब्यांची अदलाबदल झालेली होती. नकाशा तीन नंबरच्या डब्यावरून उघडला हे खरंच आहे. पण तो डबा तेव्हा इथे होता, या केबिनमध्ये. गस्तीच्या खोलीत जंगूभाऊ केव्हाही परतले असते; इथे दार बंद करून, कुणी बघत नसताना उघडता आला.”

“मग डबा बदलायची काय गरज होती?” कुलदीपने विचारलं.

“नाहीतर लॉगमध्ये केबिन आली असती. केबिनची किल्ली पुनमच्या खणात असते हे तुम्हा तिघांना ठाऊक आहे. बोट तुमच्यावर आलं असतं. डबा बदलला, की बोट जंगूभाऊंवर. खरं तर हे सोमवारीच उरकायचं असणार. पण सोमवारी तुझा उपास असतो, कुलदीप. तू जेवायला उठला नाहीस आणि कार्ड गळ्यातून निघालं नाही.”

“म्हणजे मी किंवा विनोदभाऊ,” पुनम सावकाश म्हणाली. “तुम्ही सरळ बोला, मॅडम.”

उर्वशीने नकाशा उघडला. सुरक्षिततेसाठी त्यावर ओढे, पायवाटा, आकडे काहीच ठेवलेलं नव्हतं. फक्त गाव, रस्ता आणि गुहेभोवती काढलेला घेर. ताणलेल्या पडद्यावर तो घेर गावापासून पूर्वेला सरकल्यासारखा दिसत होता.

“हे बघून जो निघेल, तो तिरपा वर जाण्याऐवजी जास्त उजवीकडे जाणार. शेजारच्या ओढ्यात. वाघीण त्यामुळे वाचली.” ती वळली. “कुलदीप, तुझ्या पडद्यावर हा घेर कसा दिसतो?”

“गोल. कंपासने काढल्यासारखा.”

“पुनम मला म्हणाली, गोल टिकली. विनोदभाऊ, तुम्ही काय म्हणालात?”

विनोदने दाराकडे पाहिलं.

“तुम्ही म्हणालात, अंड्यासारखा.”

सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे गेल्या. तिथे लाल घेर आडवा, लांबट, अगदी अंड्यासारखा पसरला होता.

“कुलदीपच्या टेबलावर तुम्ही तो पाहिला असता, तर गोलच दिसला असता. तो अंड्यासारखा फक्त या पडद्यावर दिसू शकत होता. मंगळवारी दुपारी.”

५

विनोदने नाकारलं नाही. कपाटाला टेकलेली त्याची पाठ हळूहळू खाली घसरली आणि तो जमिनीवर बसला.

“मागच्या साली मोहाच्याच दिवसांत माहा लहाना भाऊ गेला रानात,” तो म्हणाला. “वाघानं नेला. तुमाले मालूम आहे. तुमी सगळे घरी आलते. अन् आठ दिवसांनी इथी पेढे वाटले, भुरी दिसली म्हनून. मी त्या पेढ्याचं बिल लिहिलं.”

“भुरीनेच केलं, हे कुणाला ठाऊक आहे?” कुलदीप कळवळून म्हणाला. “त्या भागात तेव्हा तीन वाघ फिरत होते.”

“मले नाई मालूम,” विनोद म्हणाला. “तुमाले तरी मालूम आहे का?”

गुणवंतरावांनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

उंबऱ्यातून जंगू आत आला, आणि विनोदच्या समोर उकिडवा बसला.

“विनोदभाऊ, तुह्या भावाले शोधाले मीच गेलतो. याच खांद्यावर आनला त्याले. तुही माय माह्या गळ्यात पडून रडली. अन् तुले दुसऱ्या कोनाचं नाव नाई भेटलं?”

“तुह्या खोलीत दुपारी कोनी नसते,” विनोद जमिनीकडे बघत म्हणाला. “बाकी काई मनात नोतं.”

“सकाळी काठीवर सापळा मिटला ना, ती माह्या भावाची बायको होती. मोहफुलं वेचाले चालली होती. तुह्या भावासारखीच.”

विनोदने मान वर केली. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने टेबलावरच्या सापळ्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“हे दोनच?”

“दोनच सापडले,” गुणवंतराव म्हणाले.

“तीन होते,” विनोद पुटपुटला. “म्या तीन लावले. तिसरा खाली डोहाजवळ आहे. पान्याच्या वाटेवर.”

जंगू ताडकन उभा राहिला. संध्याकाळी पाड्यावरची गुरं त्याच डोहावर उतरायची, आणि त्यांच्या पुढे-मागे पोरंसोरं.

पाड्यावर फोन लागत नव्हता. पुनमने पुन्हा पुन्हा लावून पाहिला, मग जीपची किल्ली आणून कुलदीपच्या हातात कोंबली. “जा ना लवकर!”

जीप घाटाच्या वळणांवरून उडत चालली होती. मागे विनोद आणि जंगू शेजारी बसले होते. उर्वशीने पुढच्या सीटसमोरचा दांडा घट्ट धरला होता. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं होतं.

रस्ता संपला तिथून ते पळत निघाले. ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाज आला आणि जंगू ओरडला. कोलामीत, पोटातून, दोन्ही हात तोंडाशी धरून. आवाज डोंगरात घुमला. घंटा थांबल्या. वर झाडीत एक बाई आणि तिच्या पुढची गाय, दोघी जागीच उभ्या राहिल्या होत्या.

“कुठी?” जंगूने विचारलं.

विनोदने डोहाच्या अलीकडची जागा दाखवली. तिथे पाला इतर पाल्यासारखाच दिसत होता. उर्वशीला दहा पावलांवरूनही काही ओळखता आलं नसतं. विनोद पुढे झाला, पण जंगूने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. मग त्याने एक वाळलेली जाड फांदी उचलली, वाकला, आणि लांबूनच पाल्यात खुपसली.

लोखंड मिटलं. फांदी मधोमध चिरडली गेली. डोहावरचे बगळे उडाले.

मग विनोद तिथेच दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. वर्षभर दाबून ठेवलेलं रडणं होतं ते. त्याला आवाजसुद्धा धड फुटत नव्हता. गुणवंतरावांना काय कळवायचं, पोलिसांना काय सांगायचं, हे कुलदीप हलक्या आवाजात उर्वशीला विचारत होता. तिने नुसती मान हलवली. सांगायचं ते सगळं सांगावं लागणार होतं. त्यातून विनोदची सुटका नव्हती.

जंगूने मिटलेला सापळा साखळीसकट उपटला आणि खांद्यावर टाकला. वरच्या बाईला हात करून गुरं उतरवायला सांगितलं. मग तो विनोदपाशी आला.

“ऊठ,” तो म्हणाला. “गुरांले पानी पिऊ दे.”

विनोद उठला आणि वाटेतून बाजूला झाला.